पनवेलचे चाक

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पनवेल म्हटले की आज डोळ्यांपुढे येतो तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. कळंबोलीपाशी या मार्गावर गाडी चढली की दोन-अडीच तासांत पुणे. शेजारी न्हावा-शेव्याचे बंदर, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. जहाज, रेल्वे, मोटार आणि विमान अशा चारही वाटा जिथे एकमेकींना भेटतात अशी गावे आपल्या राज्यात फार नाहीत. पनवेल त्यांतले एक आहे.

पण पनवेल हे वाटसरूंचे गाव आज झालेले नाही. दोनशे वर्षांपूर्वीही ते तसेच होते. फरक एवढाच, की त्या वेळचे पनवेल रबरावर आणि डांबरावर चालत नव्हते, ते लाकडाच्या चाकावर चालत होते. इंग्रजी अमलात जिल्ह्यांची माहिती देणारे जे गॅझेटियर निघाले, त्यांत पनवेलचा मुख्य धंदा कोणता म्हणून नोंदला आहे? भात नव्हे, मीठ नव्हे, मासळीही नव्हे. बैलगाडीची चाके! १८७२ साली सुरू झालेल्या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्यामुळे पनवेलचे नाव पुढे घरोघरी गेले, पण त्याच्याही आधीपासून खेड्यापाड्यांतला गाडीवान पनवेल ओळखत होता तो चाकासाठी.

आजच्या भाषणाचा विषय हे चाक आहे. महागड्या नव्या यंत्रापेक्षा साधी, जुनी वस्तू बरी, असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतात. काहीजण ते हौसेने म्हणतात, काहीजण नाइलाजाने. या म्हणण्यात तथ्य किती आणि नुसता गहिवर किती, हे पाहायचे असेल तर पनवेलच्या चाकाचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण हा इतिहास आपल्या अपेक्षेप्रमाणे चालत नाही.

बंदर आणि घाट

प्रथम हे गाव असे का वाढले ते पाहू. मुंबई हे बेट. घाटावर जायचे तर खाडी ओलांडायलाच हवी. मुंबईहून गलबतात किंवा मचव्यात बसायचे, भरतीच्या पाण्याबरोबर पनवेलच्या खाडीत शिरायचे, पनवेलच्या बंदरावर उतरायचे आणि तिथून पुण्याची वाट धरायची, हा नेहमीचा क्रम होता. पनवेल ते पुणे ही सुमारे सत्तर मैलांची वाट, आणि तिच्या मध्यावर आडवा उभा बोरघाट.

या घाटातून पूर्वी माल जायचा तो बैलाच्या पाठीवर. लमाणांचे तांडेच्या तांडे गोण्या लादून घाट चढत आणि उतरत. घाटावरून धान्य, कापूस खाली यायचा आणि खालून मीठ वर जायचे. आता हिशेब पाहा. बैलाच्या पाठीवर ओझे बसते ते साधारण शंभर-सव्वाशे किलो. तेच दोन बैल चांगल्या रस्त्यावर, चांगल्या चाकाच्या गाडीला जुंपले, तर आठ-दहा क्विंटल सहज ओढतात. पण त्याला दोन गोष्टी लागतात. एक रस्ता आणि दुसरे चाक.

रस्ता आला १८३० साली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता तयार झाला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात तो खुला झाला. कोकण आणि देश यांच्यामध्ये चाकांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती तेव्हापासून. घाटाच्या पायथ्याशी, बंदराच्या काठाशी असलेल्या पनवेलचे भाग्य उजळले. १८५२ साली या गावाला नगरपालिका मिळाली. देशातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ती एक. बंदर, बाजार आणि गाडीतळ एका जागी आले की तिथे सुतार आणि लोहार येणारच.

‘जुनी’ बैलगाडी किती जुनी?

आता या इतिहासातली पहिली गंमत. आपण बैलगाडीला सनातन समजतो. ऋषिमुनींच्या काळापासून आपला शेतकरी हीच गाडी हाकत आला आहे, अशी आपली समजूत असते. आऱ्यांचे चाक आपल्याकडे प्राचीन आहे यात शंका नाही. कोणार्कच्या सूर्यमंदिरावरची तेराव्या शतकातली चाके आपण पाहिलीच आहेत. राजेरजवाड्यांचे रथ होते, सावकारांचे छकडे होते. पण सामान्य कुणब्याच्या दारात काय होते?

१८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात जमिनीच्या मोजणीचे आणि सारा ठरवण्याचे काम हाती घेतले. पुढे साऱ्या मुंबई इलाख्याला लागू झालेल्या जमीनमहसूल पद्धतीचा पाया तिथे घातला गेला. त्या वेळी या भागात शेतकऱ्यांकडे ज्या गाड्या होत्या त्या अतिशय बोजड, भरीव चाकांच्या आणि ठेंगण्या होत्या. त्या ओढायला कधीकधी आठ-आठ बैल लागत. अशी गाडी शेतातल्या शेतात खत नाहीतर दगड वाहायला ठीक, पण तिच्यातून धान्य भरून लांबच्या बाजाराला कोण जाणार? माल बाजारात गेला नाही तर रोकड येणार नाही, आणि रोकड आली नाही तर सारा कुठून भरणार?

मोजणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटच्या हे लक्षात आले. त्याने सोलापूरच्या रस्त्यावर टेंभुर्णी येथे गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. हलकी, दोन बैलांनी ओढता येईल अशी गाडी तयार करायची हा हेतू. पण त्याने विलायती घोडागाडी आणून इथे उभी केली नाही. गाडी गावच्या सुताराला बनवता आली पाहिजे, मोडली तर त्यालाच दुरुस्त करता आली पाहिजे, आणि तिची किंमत रयतेच्या आवाक्यात राहिली पाहिजे, असे त्याचे गणित होते. हे गणित बरोबर ठरले. थोड्याच वर्षांत ही गाडी त्या मुलखात पसरली आणि लोकांना ती इतकी आपली वाटू लागली, की ती कोणी मुद्दाम आणली होती हेही पुढच्या पिढ्या विसरून गेल्या.

म्हणजे आज आपण जिला जुनी म्हणतो ती घरोघरची हलकी बैलगाडी तिच्या काळी नवे तंत्र होते. लोकांनी ते नाकारले नाही, उलट उचलून धरले. एखादी वस्तू जुनी आहे म्हणून लोक तिला धरून बसतात असे आपण पटकन म्हणतो, पण ते खरे असतेच असे नाही. वस्तू आपल्या हातात राहणारी असेल तर लोक नवीसुद्धा घेतात.

धाव कशी चढते

हे चाक साधे होते म्हणजे सोपे होते असे मात्र समजू नका. त्याची घडण पाहिली तर थक्क व्हायला होते.

चाकाच्या मधोमध असतो तुंबा. तो बाभळीसारख्या चिवट लाकडाचा. तुंब्यात खाचा पाडून चारही बाजूंनी आरे बसवायचे आणि आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर वर्तुळाचे तुकडे, म्हणजे पुठ्ठे, चढवायचे. सहसा एका पुठ्ठ्यात दोन आरे. लाकूड चांगले वाळलेले हवे. ओल्या लाकडाचे चाक पहिल्या उन्हाळ्यातच खिळखिळे होते. या सगळ्यात सुतार खिळ्यांवर विसंबत नाही, सरसावर तर नाहीच. मग एवढे ओझे घेऊन, खाचखळग्यांतून आदळत जाणारे चाक एकसंध राहते कशामुळे?

ते राहते धावेमुळे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान वळवतो. मग जमिनीवर गोवऱ्या रचून त्यात ती लालबुंद होईपर्यंत तापवतात. तापली की लोखंड पसरते आणि धाव थोडी मोठी होते. नेमक्या त्याच घडीला तीन-चार माणसे सांडशीने ती उचलतात, चाकावर बसवतात, घणाने ठोकतात. लाकूड धुमसू लागते, आणि ते पेटायच्या आत वरून घागरीच्या घागरी पाणी ओतायचे. लोखंड आकसते. आकसताना ते पुठ्ठ्यांना आऱ्यांवर आणि आऱ्यांना तुंब्यात असे काही आवळते, की सगळे सांधे करकरून घट्ट बसतात. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेने धातू प्रसरण पावतात हा धडा आपण वाचतो. पनवेलच्या लोहाराने तो रोज विस्तवावर सिद्ध करून दाखवला होता.

या कामात चूक करायला जागा नाही. धाव जास्त लहान झाली तर आरे वाकतात, जास्त मोठी झाली तर चाक सैल. दोरीने किंवा मापचक्राने घेर मोजून, किती सूत कमी धरायचे याचा अंदाज लोहाराच्या हातात असायचा. हे ज्ञान कागदावर नव्हते, पण ज्ञानच होते. आणि गाडीवानालाही त्यातले थोडे ठाऊक असे. उन्हाळ्यात लाकूड आटून चाक वाजू लागले, की तो ते ओढ्याच्या पाण्यात भिजत ठेवी. लाकूड फुगे, चाक घट्ट होई. आसकूड, म्हणजे चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला घातलेली खीळ, तो स्वतः बदली. वंगणाचा नळा गाडीलाच लटकवलेला असे. वाटेत गाडी मोडली तर पुढच्या गावात सुतार असे, लोहारही असे, आणि त्यांना या चाकाविषयी काही नवीन शिकायचे नसे.

आगगाडी आली, तरीही

दुसरी गंमत रेल्वेची. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५६ साली ती घाटाखाली खोपोलीपर्यंत आली, आणि १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळ्याहून पुण्याकडे दुसरी गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा उरला. पुढची चार-पाच वर्षे प्रवासी खाली उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि वर दुसऱ्या आगगाडीत बसायचे. जगातले त्या काळचे सर्वांत नवे तंत्र दोन्ही टोकांना, आणि मधली साखळी जोडायला बैल! १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि ही मधली कडी गळून पडली.

साहजिकच पनवेलच्या बंदराचे महत्त्व कमी झाले. पुण्याचा प्रवासी आता पनवेलला कशाला उतरेल? हिशेबाने चाकांचा धंदाही बसायला हवा होता. पण गॅझेटियरातली नोंद तर रेल्वेनंतरची आहे. रेल्वे येऊन पंचवीस-तीस वर्षे झाली तरी पनवेलचा मुख्य धंदा चाकेच.

याचे कारण असे दिसते, की आगगाडीने लांबचा प्रवास बैलगाडीकडून घेतला, पण जवळचा तिच्या गळ्यात घातला. आगगाडी स्टेशनापर्यंत जाते, खळ्यापर्यंत जात नाही. खळ्यावरचे भात स्टेशनात, आगरातले मीठ बाजारात, स्टेशनावरचा माल दुकानात कोण नेणार? जितका माल आगगाडीत चढू लागला, तितक्या बैलगाड्या स्टेशनाबाहेर उभ्या राहू लागल्या. नवे यंत्र आले की जुने संपते, हा आपला सरधोपट समज आहे. पुष्कळदा नवे यंत्र जुन्याचे काम बदलते, आणि काही काळ तर वाढवतेसुद्धा. पनवेलला स्वतःला रेल्वे मिळाली ती १९६० च्या दशकात, म्हणजे बोरीबंदरच्या गाडीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

एक लाख रुपयांचा चरखा

साध्या वस्तूची बाजू आपल्या देशात सर्वांत ठामपणे कोणी मांडली असेल तर ती गांधीजींनी. पण त्यांनाही सरसकट यंत्रविरोधी ठरवणे बरोबर नाही. १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले होते. त्यांचे लक्ष यंत्राच्या वयाकडे नव्हते. ते माणसाला राबवते की माणूस त्याला, हे ते पाहत.

याचे एक उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. जो कोणी सुधारलेला चरखा बनवील त्याला एक लाख रुपये बक्षीस. त्या काळचे एक लाख रुपये! अटी मात्र कडक. चरखा हलका हवा, साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा. एका बाईला आठ तास तो फार न थकता चालवता यावा, आणि तेवढ्या वेळात त्याने सोळा हजार फूट सूत द्यावे. किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये. नीट देखभाल केली तर तो वीस वर्षे टिकावा, आणि दरसाल दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक येऊ नये.

या अटी जरा पुन्हा मनात घोळवून पाहा. त्यात सुताचा वेग एकदाच आला आहे. बाकी सगळे कलम चालवणाऱ्या बाईविषयी, तिच्या झोपडीविषयी, तिच्या पैशाविषयी आणि दुरुस्तीविषयी आहे. आपल्याकडे यंत्र विकत घेताना हे प्रश्न आजही फारसे विचारले जात नाहीत.

स्पर्धेसाठी आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा गेला. कामाच्या दृष्टीने तो चांगला होता. लोखंडी नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याला यंत्र कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण सगळ्या अटींना तो पुरा पडला नाही. ते बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. काम साधे ठेवून ते अधिक वेगाने करून घेणे किती अवघड असते, हे त्या न दिलेल्या लाख रुपयांनी दाखवून दिले. टेंभुर्णीच्या गाडीला जे जमले होते ते इथे जमले नाही.

पुढे याच प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार पुण्यात झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी मध्यम प्रतीचे तंत्र तयार करण्याचे तीन मार्ग सांगितले. पारंपरिक तंत्र घेऊन त्यात आधुनिक ज्ञानाने सुधारणा करायची हा पहिला. अत्याधुनिक तंत्र घेऊन ते आपल्या गरजेनुसार उतरवून घ्यायचे हा दुसरा. आणि थेट प्रयोग करून नवेच मधले तंत्र शोधायचे हा तिसरा. ई. एफ. शूमाकर यांच्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या १९७३ सालच्या जगभर गाजलेल्या पुस्तकात गाडगीळांचे हे विवेचन नावानिशी आले आहे. पुस्तक आपल्याकडे विलायतेहून आले म्हणून आपण ते कौतुकाने वाचले. त्यातला हा धागा पुण्याचा होता, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

रबराचे चाक आणि त्याची किंमत

पनवेलच्या लाकडी चाकाला खरा धक्का दिला तो रबराने. बैलगाडीला हवा भरलेले टायर लावण्याची कल्पना स्वातंत्र्यापूर्वीच आली होती. स्वातंत्र्यानंतर रस्ते डांबरी झाले आणि लाकडी चाकाचा एक दोष उघडा पडला. त्याची अरुंद लोखंडी धाव डांबर कापीत जाते. कच्च्या वाटेवर जे चाक शहाणे, ते पक्क्या रस्त्यावर अपराधी ठरले.

इथे लाकडी चाकाचे गोडवे गाऊन भागणार नाही. रबरी चाक हलके पळते, धक्के कमी बसतात, तेवढ्याच कष्टात बैल जास्त ओढतात, रस्ता फुटत नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकापासून बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. देशातल्या बैलगाड्यांत गुंतलेले भांडवल रेल्वेशी तुलना करण्याजोगे आहे आणि तरी तिच्या संशोधनावर आपण जवळजवळ काहीच खर्च करत नाही, असे ते पोटतिडकीने सांगत. जुन्या जुवामुळे बैलाच्या मानेला होणाऱ्या जखमांकडे त्यांनी लक्ष वेधले. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आपण बैलाची खांदेमळण करतो. उरलेल्या दिवसांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता.

पण टायरच्या गाडीने आणखीही काही बदलले. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात टायरगाडी सर्रास दिसते. ऊसतोडणीच्या हंगामात बीड-नगरकडचे मजूर येतात. बैल त्यांचे, पण टायरगाडी पुष्कळदा कारखान्याची किंवा मुकादमामार्फत मिळालेली, भाड्याची. ते भाडे आणि घेतलेली उचल मजुरीतून वळती होते. गाडी जास्त ओढते, म्हणून तिच्यात जास्त भरले जाते. दोन-अडीच टन ऊस घेऊन चढावर तोंडाला फेस आलेली बैलजोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रबराचा फायदा बैलाला झाला की वाहतुकीला, हे सांगायला नको. लाकडी चाकाची किंमत गावातल्या सुताराला आणि लोहाराला मिळे. टायरची किंमत दूरच्या कारखान्याला जाते. पंक्चर काढणारा गावात मिळतो, टायर बनवणारा मिळत नाही.

यात कोणी खलनायक नाही. सुधारणा खरी होती. फक्त तिच्या हिशेबात सुतार आणि लोहार धरले नव्हते, गाडीची मालकी कोणाकडे राहील हे धरले नव्हते, आणि बैल तर नव्हताच. टेंभुर्णीच्या गाडीच्या वेळी निदान यातले पहिले दोन प्रश्न विचारले गेले होते.

पनवेलचे चाकवाले कधी आणि कसे पांगले याची मोठी कहाणी कोणी लिहिलेली नाही. असे धंदे एका दिवसात बंद पडत नाहीत. आधी मुलगा कारखान्यात जातो, मग भट्टी आठवड्यातून एकदा पेटते, मग ती पेटायची थांबते. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला, मोटारी थेट मुंबईहून येऊ लागल्या, औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. रायगडात आज बैलगाडी पाहायची तर पुष्कळदा शर्यतीच्या मैदानातच जावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी जाऊन मे २०२३ मध्ये या शर्यतींना नियमांसह मान्यता मिळाली. काम गेले, खेळ उरला.

उपग्रह आणि बैलगाडी

तरी बैलगाडीची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८१ साली भारताचा ‘ॲपल’ हा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह तयार होत होता. त्याच्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती. मोटारीवर ठेवला तर मोटारीचे लोखंड चाचणीत अडथळा आणणार. मग शास्त्रज्ञांनी काय केले? बैलगाडी भाड्याने आणली! लाकडी साट्यावर चमकदार उपग्रह आणि पुढे बैलजोडी, हे छायाचित्र जगभर गाजले. पुष्कळांनी ते पाहून भारताच्या दारिद्र्याची कीव केली. खरे तर त्या दिवशी त्या कामाला बैलगाडीइतके योग्य दुसरे वाहन नव्हते, आणि ते ओळखणारे लोक देशातले अव्वल अभियंते होते. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या अग्निबाणातून तो उपग्रह अवकाशात गेला आणि त्याने आपले काम चोख केले.

साधी वस्तू वापरणे म्हणजे मागे राहणे, ही समजूत या एका छायाचित्राने खोटी पाडायला हवी होती. तसे झाले नाही. आपल्याकडे साधेपणाला दोनच जागा मिळतात. एक संग्रहालयात आणि दुसरी गरिबाच्या घरी.

पनवेल तालुक्यात मात्र याहून वेगळी जागाही आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर कर्नाळ्याच्या पुढे तारा नावाचे गाव लागते. ‘छोडो भारत’ ही घोषणा ज्यांच्या नावावर आहे, त्या युसुफ मेहेरअली यांच्या स्मरणार्थ १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्राचे काम इथे चालते. वयाच्या शंभराव्या वर्षी, २ ऑक्टोबर २०२५ रोजी निवर्तलेले स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख हे या कामामागचे बळ होते. तेलघाणी, मातीची भांडी, साबण असे ग्रामोद्योग तिथे चालवले गेले, आणि त्याच आवारात रुग्णालयही उभे राहिले. घाणी आहे म्हणून एक्स-रे नको, असे तिथे कोणी म्हटले नाही. तेल गाळायला जे पुरेसे आहे ते तेलासाठी, आणि हाड मोडले तर जे लागते ते हाडासाठी. मला वाटते, या विषयातला शहाणपणा इतकाच साधा आहे.

आपल्या घरातही हा प्रश्न रोज येतो. पाट्यावर वाटावे की मिक्सर लावावा, माठाचे पाणी की फ्रीजचे, सायकल की मोटारसायकल? याला एकच उत्तर नाही. पाट्याशी बसून ज्या बाईची कंबर गेली तिला पाट्याची महती सांगायचा अधिकार कोणालाही नाही. पण वस्तू घेण्याआधी काही प्रश्न विचारता येतात. ही बिघडली तर दुरुस्त करणारा माझ्या गावात आहे का? तिची किंमत मी एकदाच देणार की दर महिन्याला देत राहणार? ती घेतल्याने माझे कष्ट कमी होतील, की आणखी काम माझ्या गाडीत भरले जाईल? आणि ती घेतल्यावर कोणाची भट्टी विझणार आहे? भट्टी विझणार असेल तरी वस्तू घ्यावी लागते कधीकधी. पण ते ठाऊक असून घ्यावी.

द्रुतगती मार्गावरून पुण्याला जाताना खोपोलीच्या पुढे घाट लागतो. तिथे वेगमर्यादेचे फलक आहेत, मोटारी तरी त्यावरून सुसाट जातात. १८३० साली याच घाटाने चाक प्रथम नीट वर चढवले, आणि ते चाक घडवायला पनवेलच्या गल्ल्यांत गोवऱ्यांचा धूर उठत होता. घाटात मोटार बंद पडली, तर आज आपण फोन काढतो आणि दुसऱ्या गावाहून माणूस येण्याची वाट पाहत बसतो. त्या वेळचा गाडीवान खाली उतरून आधी आसकूड तपासायचा.